चंद्र पडतो म्हणणारे अंताजीपंत

अहो अंताजीपंत, तुमच्या तेराव्याला लाडू बरे झाले होते. बाकी सांगण्यासारखं काही घडलं नाही.

तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो, कोण कोण आलं होतं. झाडून सगळे आले होते. तुम्ही असताना ज्यांनी तुमच्या ओट्याची पायरी कधी चढली नाही, ते पाय धुऊन घेऊन पहिल्या पंक्तीला बसले. पाठशाळेचे मुख्य, आपले पुराणिकबुवा, अगदी मधोमध. "थोर गणिती हरपला हो," असं म्हणत त्यांनी आणखी एक लाडू वाढून घेतला. मेल्या म्हशीला मणभर दूध! याच गृहस्थांनी गेल्या श्रावणात भर सभेत तुम्हाला वेडा ठरवलं होतं आणि आता शेजारी जेवत होते तेच लोक तेव्हा पोट धरून हसत होते. मी बरोबर त्यांच्या समोरच्या पानावर होतो. एका लाडवापलीकडे पानाला हात लावला नाही. लोकांना वाटलं, केशवशास्त्र्यांना दुःख झालंय. दुःख कसलं, संताप होता तो. दुःख घरी आल्यावर झालं.

कारण संध्याकाळ झाली आणि पाय सवयीने तुमच्या दाराकडे वळले. शनिवार पेठेतल्या त्या बोळात तुमचं दार आणि माझं दार समोरासमोर. इतकी वर्षं रोज दिवेलागणीला मी बोळ ओलांडून यायचो आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "या. चुकायला आलात?" असं स्वागत अख्ख्या पुण्यात दुसऱ्या कुणाच्या ओट्यावर होत नसेल, आणि पुणं काही स्वागताबद्दल प्रसिद्ध नाही. पुढ्यात धूळपाटी असायची. पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीने आकडे मांडायचे, काम झालं की तळहाताने पुसून टाकायचं, ही आपली गणित करायची रीत. तुम्ही उदाहरण घालायचात, मी सोडवायचो. मग मी घालायचो, तुम्ही सोडवायचात. एकाचं उत्तर दुसऱ्याला पहिल्या झटक्यात पटलं, असं कधी झालं नाही.

तुमचा मूळ हट्ट एकच. पृथ्वी सगळ्या वस्तूंना आपल्याकडे ओढते, इथपर्यंत माझं भांडण नव्हतं. ते आपले पूर्वीचे आचार्यही सांगून गेलेत. पण तुम्ही म्हणालात, ही ओढ झाडाच्या शेंड्याला संपत नाही, डोंगराच्या माथ्याला संपत नाही, ती थेट चंद्रापर्यंत पोचते, आणि तिच्यामुळे चंद्र सारखा पृथ्वीकडे पडतो आहे. मी म्हटलं, "मग आपल्या डोक्यावर का नाही येत?" तर म्हणालात, "पडतोय, पण पुढेही पळतोय. तो जितका खाली येतो तितकी पृथ्वी त्याच्याखालून वळलेली असते." काय बोलणं हे! आकाशात प्रवह नावाचा वारा आहे, तो ग्रहांना ढकलत फिरवतो, हे शिकत आणि शिकवत मी म्हातारा झालो. तुम्ही एका वाक्यात माझा वारा बंद केलात.

मग ती तोफ. "समजा, पर्वतीवर तोफ चढवली," तुम्ही सुरुवात केलीत.

"कोण चढवू देईल?"

"गणितात कुणाची परवानगी लागत नाही. पूर्वेला तोंड करून डागली. गोळा येरवड्याच्या रानात पडला. जास्त दारू भरली, खराडीच्या शेतात पडला. आणखी भरली, पार जगन्नाथपुरीला."

"तोफ फुटेल."

"फुटू द्या हो! गोळा पडतच राहील, पण खालची पृथ्वी गोल, ती वळत जाईल. पुरेसा जोर असला तर जमीन त्याला सापडणारच नाही. सगळी पृथ्वी हिंडून तो पश्चिमेकडून येईल आणि गोलंदाजाच्या पाठीत बसेल. हाच तुमचा चंद्र."

मी म्हटलं, "त्या गोलंदाजाला आधी कळवून ठेवा." तुम्ही खो खो हसलात, आणि दुसऱ्या दिवशी हेच उदाहरण पाठशाळेत जाऊन सांगितलंत.

इथे मात्र तुमच्या अकलेपुढे मी हात टेकले. ज्यांची पृथ्वी अजून शेषाच्या फण्यावर बसलेली आहे, त्यांच्यापुढे तुम्ही पृथ्वीभोवती तोफेचा गोळा फिरवायला निघालात. गाढवाला गुळाची चव काय! पुराणिकबुवांनी विचारलं, "म्हणजे श्रीमंतांचा गोळा श्रीमंतांच्याच फौजेवर?" सभा हसली. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "होय, जोर पुरेसा असला तर." समोरचा थट्टा करतोय हे तुम्हाला कधी कळायचंच नाही. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, मग विचारणारा माणूस असो की बैल.

पण नुसत्या तोफेवर भागत नव्हतं. चंद्राचा हिशेब करायचा तर आधी जमिनीवरची वस्तू किती वेगाने पडते ते हवं. म्हणून तुम्ही आळीतल्या विहिरीत दगड टाकायला लागलात. तुम्ही दगड सोडायचात आणि पाण्याचा आवाज येईपर्यंत मी दीर्घ अक्षरं म्हणायची. साठ दीर्घ अक्षरांचं एक पळ, हे आपलं शास्त्रातलं माप. मी काठावर उभा राहून "का, का, का" म्हणतोय, आणि येणारा-जाणारा विचारतोय, "शास्त्रीबुवा, आज कुणाचं श्राद्ध?" बायका घागरी घेऊन खोळंबलेल्या. शेवटी वहिनी तुमच्या दारातून म्हणाल्या, "अहो, विहीर बुजवायचीच असेल तर माती लवकर बुजवते!" तुम्ही त्यावरही विचार करायला लागलात. मी तुम्हाला हाताला धरून घरी आणलं.

आणि मग ती संध्याकाळ. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड चौथाई होतो, पृथ्वीची ओढही तशीच विरळ होत जाते, असं तुम्ही धरून चाललात. मी विचारलं, "पृथ्वी काय समई आहे?" तुम्ही म्हणालात, "धरून तर बघू, मोडलं तर पाटी पुसू." पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके दूर, त्याच्या साठपट चंद्र दूर. साठ साठे छत्तीसशे, म्हणजे तिथली ओढ छत्तीसशेपट कमी. आता घटकेत पळं साठ, आणि पडणं वेळेच्या वर्गाने वाढतं, म्हणजे साठपट वेळात छत्तीसशेपट. तेव्हा इथे झाडावरून सुटलेला आंबा एका पळात जितका पडेल, मध्ये जमीन आडवी आली नाही तर, तितकाच चंद्र एका घटकेत पडायला हवा. विहिरीतल्या दगडांवरून आंब्याचं पडणं काढलं. कोसाला थोडं कमी आलं. मग चंद्राची वाट घेतली, घटकाभरात ती सरळ रेषेपासून किती वाकते ते काढलं. कोसाला थोडं कमी.

मी काडी तुमच्या हातातून ओढून घेतली. पुन्हा मांडलं, उलटीकडून मांडलं. चूक सापडेना. मला इतका राग आला की काय सांगू! "योगायोग," म्हणून मी उठलो. तुम्ही आत हाक मारलीत, "ऐकलंत का, केशवशास्त्री हरले, दूध आणा!" मी हरलो नव्हतो. दूध मात्र प्यालो.

तिथे थांबायचं होतंत ना! पण नाही. श्रावणातल्या सभेत पुराणिकबुवांनी डिवचलं, "दूर गेल्यावर ओढ कमी होते म्हणता, तर दाखवा." आणि तुम्ही म्हणालात, "दाखवतो. सिंहगडावर शेरभर तांदूळ पुण्यापेक्षा हलके भरतील." त्याच संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं होतं, की अहो, तराजूने कसं कळणार? तांदूळ हलके होतील तसं दुसऱ्या पारड्यातलं शेराचं वजनही हलकं होईल. काटा कुणीकडे झुकायचा? तुम्ही म्हणालात, "बघू." हे तुमचं 'बघू' म्हणजे साक्षात पालथा घडा. चंद्राचं पडणं मोजणारा माणूस, आणि दोन पारड्यांची गोष्ट त्याच्या डोक्यात शिरेना. तराजू खरं बोलतो, ही लहानपणापासूनची श्रद्धा. भल्याभल्यांची सुटत नाही, तुमचीही सुटली नाही.

निघालात लवाजमा घेऊन. तुम्ही आणि मी पायी, सभेचे पंच डोल्यांतून. गडावर तराजू टांगला. काटा जागचा हलला नाही. पुराणिकबुवा म्हणाले, "अंताजीपंत, तांदूळ नाही झाले हलके, तुम्ही मात्र झालात." तुमचा चेहरा तेव्हा उतरला. काटा बघत तुम्ही हळूच मला म्हणालात, "वजनही हलकं झालं असणार, नाही का?" जसं काही ते तुम्हालाच प्रथम सुचलं होतं! मग तेच तुम्ही मोठ्याने पंचांना सांगू लागलात, आणि "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणत मंडळी डोल्यांत जाऊन बसली. त्यातल्या एकालाही ते समजून घ्यावंसं वाटलं नाही. चूक तुमची होती, पण चुकायलासुद्धा काही विचार करावा लागतो. त्यांच्यावर ती पाळी कधी आली नाही.

त्यानंतर आपण दोघेच पुन्हा गडावर गेलो होतो, हे गावाला ठाऊक नाही. या वेळी तुम्ही गवंड्याचा ओळंबा घेतला होतात. वर ओढ कमी, तर ओळंब्याचा झोका सावकाश व्हायला हवा. आणि झोके मोजायला बरोबर घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेली वाटी, पाण्यावर सोडली की भरत भरत एका घटकेत बुडते. पुण्यात एका वाटीला जेवढे झोके झाले, गडावरही तेवढेच झाले. मी पाय चोळत बसलो. पायपिटीने त्यांत गोळे आले होते. तुम्ही त्या बुडालेल्या वाटीकडे बघत बसलात, आणि एकाएकी मांडीवर थाप मारून असे हसायला लागलात की पहारेकरी धावत आला. "अहो केशवशास्त्री, ही वाटी कशाने बुडते? त्याच ओढीने! पाणी आत शिरतं तेही तिच्यामुळेच. ओळंबा मंद झाला तर वाटीही मंद होणार. तराजू तिचा, ओळंबा तिचा, वाटी तिची. साक्षीदार सगळे तिच्याच घरचे, खटला चालायचा कसा?"

असा हरल्यावर आनंदाने हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आपण तटाला टेकून दशम्या सोडल्या. खाली सगळं पुणं दिसत होतं, आणि त्यातला एकही माणूस आपण काय बोलतोय ते समजणारा नव्हता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता, अंताजीपंत. तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असतात, "सिद्ध करा."

मग ताप आला आणि तुम्ही अंथरूण धरलंत. मी तब्येत विचारायला आलो, तर तुम्ही उदाहरण घातलंत! पृथ्वीच्या आरपार विहीर खणली आणि वरून लोटी सोडली, तर ती कुठे थांबेल? मी म्हटलं, मध्यावर; तिथून खाली म्हणून दिशाच उरत नाही, जाईल कुठे? तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. का, ते सांगायला दम पुरला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्हतात. वाद असा अर्धा टाकून उठतात का? जनरीत म्हणून काही आहे की नाही? मी अजूनही मध्यावर म्हणतो. या आणि खोडा.

आता खरं ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. तेरावं झाल्यावर पुराणिकबुवांनी मला बोलावून घेतलं. तुमची पाठशाळेतली गणित शिकवायची जागा मला द्यायचं ठरतंय. अट एकच. भर सभेत मी सांगायचं, की अंताजीपंतांचं पडत्या चंद्राचं गणित त्यांचं नव्हतंच. संगमावर राहणाऱ्या टोपीकर इंग्रजांकडून उचललेलं ते खूळ होतं, आणि पाठशाळेचा त्याच्याशी संबंध नाही. "तुम्हालाही ते कुठे पटत होतं?" असं वर गोड हसून विचारलं. टोपीकरांकडे असलं काही शास्त्र आहे, असं ऐकतो, असेल. पण तुम्ही संगमाकडे कधी फिरकलासुद्धा नाहीत. तुम्हाला मंडईचा रस्ता धड सापडायचा नाही, तुम्ही टोपीकरांना काय सापडणार?

घरी येऊन मी विचार केला, तेव्हा लक्षात आलं. तुमचं सगळं धुळीवर. रोज मांडायचात, रोज पुसायचात. कागदावर एक ओळ नाही. ते गणित पायरी पायरीने आठवणारा जगात एकच माणूस उरला आहे, तो मी. आणि मला आठवतं, कारण प्रत्येक पायरीला मीच आडवा पडलो होतो. मी ते एक वाक्य बोललो असतो, तर तुम्ही उभ्या जन्मात काही केलंच नाहीत, असं होऊन गेलं असतं. पुराणिकबुवांना एवढं सगळं कळत असेल असं नाही. पण दुसऱ्याचं पुसून कसं टाकायचं, हे कळायला गणित लागत नाही.

सभेला निघालो तेव्हा वहिनींनी दाराआडून हाक मारली. "भावजी, काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मी बाईमाणूस, मला त्यातलं काही कळत नाही. पण खोटं बोलून येणार असाल तर येताना या बोळातून येऊ नका, मागच्या आळीने या." मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, "अंताजीपंतांचं बरोबर की चूक, यावर मी त्यांच्याशी उभा जन्म भांडलो आहे आणि अजून माझं समाधान झालेलं नाही. पण ते उसनं नव्हतं. माझ्यासमोर, माझ्या नाकावर टिच्चून केलेलं गणित आहे ते. मला चूक काढता आली नाही. इथे कुणाला काढायची असेल तर पाटी आणली आहे, बसा." आणि खरोखरच पाटी पुढे सरकवली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी खोकलं, कुणी उपरणं सारखं केलं. बसलं कुणी नाही. बसायला यावं लागतं.

जागा तरीही मलाच मिळाली, हे ऐकून तुम्ही हसाल. माझ्या बाणेदारपणाला भुलून नव्हे. सूर्यग्रहण तोंडावर आलंय, आणि ते कधी लागेल, किती लागेल हे काढता येणारा त्यांच्याकडे दुसरा माणूस नाही. पुराणिकबुवांनी तोंड कडू करून होकार दिला. पोथीतला राहू वेळ सांगून गिळत नाही, एवढं त्यांनाही ठाऊक आहे.

काल पहिला पाठ होता. मी तुमची बाजू मांडली. होय, मी! जन्मभर जिला विरोध केला, ती माझ्या तोंडाने, तुमच्यासारखाच हातवारे करत. जिथे जिथे मी तुम्हाला अडवलं होतं, तिथे तिथे थांबलो. वाट पाहिली. विद्यार्थी चांगले आहेत, घराणी चांगली आहेत, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एका ठिकाणी मी मुद्दाम चुकीचा आकडा मांडला, धडधडीत, आंधळ्यालाही दिसावा असा. त्यावरही माना डोलल्या. "समजलं?" मी विचारलं. "समजलं, गुरुजी." सगळे एका सुरात.

मी तसाच घरी आलो आणि उंबऱ्यावर बसून राहिलो. अहो अंताजीपंत, त्या एवढ्या मुलांतून एकानेसुद्धा मला अडवलं नाही हो.